बोटीचं बूच

बायांनो, उजवा अंगठा अजून सुन्न आहे, डाव्या हाताने लिहितेय.

आमची शिडाची बोट म्हणजे दोन होड्या शेजारी जोडलेल्या. आज वरळीहून निघालो आणि थोडं आत गेल्यावर डावी होडी खाली बसायला लागली. नवरा म्हणाला, "वाऱ्याने होतं गं."

"वारा कधीचा पडलाय, अहो! मागचं बूच लावलंत का?"

तोंडच उतरलं त्यांचं. काल आतलं पाणी सोडायला काढलेलं बूच घरीच राहिलं होतं.

मी पालथी पडून मागे हात घातला आणि भोकात अंगठा दाबून धरला. किनारा लागेपर्यंत ते वल्हं मारत राहिले.

बूच सापडलं घरी, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात. "हरवू नये म्हणून ठेवलेलं," म्हणे!

आता ते मी त्यांच्या चष्म्याच्या दोरीला बांधलंय. वर म्हणतात, मी जास्त बोलते. सांगा, बोलते का?