उष्टी बाटली

हॉटेलच्या मालकांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला आणि सगळ्यांसमोर खरकट्याच्या टबात टाकला. "बाटली उष्टी केलीस," ते म्हणाले. "दुसरी आण. आणि पाहुण्यांना सॉरी म्हण."

दुपारच्या जेवणाची वेळ. टेबलावर टॉवेलच्या कारखान्याचे शेठ आणि त्यांचे दोन परदेशी खरेदीदार. सुशी वाढून झाली होती, आंबट भाताच्या मुटक्यांवर कच्च्या माशाचे काप. मी पांढरी वाइन उघडली, माझ्या वेगळ्या ग्लासात घोटभर ओतली आणि चाखली. बाटलीला तोंड लावलं नव्हतं. आमच्या कामाची रीतच ती. वाढणाऱ्यानं आधी चाखायची, बिघडलेली असेल तर बाटली परत न्यायची. मला हे नाशिककडच्या वाइनच्या कोर्समध्ये शिकवलं होतं, आणि त्या कोर्सला मालकांनीच पाठवलं होतं.

मी सॉरी म्हणाले. मान खाली घालून म्हणाले. त्याची लाज अजून वाटते.

माझं घर नातेपुत्याच्या पुढं, माळावर. शेळ्यामेंढ्यांचं घर. धार काढली की आबा चरवी माझ्या नाकाखाली धरायचे. "हुंग की पोरी. हिनं काय खाल्लंय?" मी सांगायची. लिंबाचा पाला. बाभळीच्या शेंगा. माझं क्वचितच चुकायचं. आबा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरीचं नाक लई तिखट हाय." कोर्समध्ये हेच नाक कामी आलं. शहरातली, इंग्रजी फाडफाड बोलणारी पोरं अडखळायची तिथं मी पटकन सांगायची.

सोलापुरात परत आले तेव्हा हॉटेलात सुशी सुरू झाली होती. मासा पुण्याहून बर्फात यायचा. कुठल्या सुशीबरोबर कुठली वाइन हे ठरवायचं काम माझं. मालकांना वाटायचं, महागाची लाल वाइन ठेवली की झालं. मी त्यांना लाल वाइनबरोबर कच्च्या माशाचा एक तुकडा खायला लावला. तोंडात गंजलेल्या विळीची चव आली तेव्हा पटलं. तेलकट माशाला आंबटसर पांढरी, वसाबीची झणझणीत हिरवी चटणी असेल तर जरा गोडसर. सगळी यादी मी केली. तिच्यावर नाव हॉटेलचं होतं.

त्या सॉरीनंतर नवा नियम आला. मी चाखायचं ते कोठीघरात, पडदा ओढून. तेही स्टीलच्या पेल्यात. बाहेर नुसतं ओतायचं. टेबलाशी मालक बोलायचे, माझीच वाक्यं, माझ्याच शब्दांत. मी शेजारी हातावर रुमाल टाकून उभी असायची. पाहुणे त्यांना म्हणायचे, तुम्हाला फार कळतं.

एकदा विचारलं, "मालक, भाईर चाखलं तर काय हुतंय?"

"मेंढरामागच्या पोरीनं चाखलेली वाइन लोक पितील का? तूच सांग. समजून घे जरा."

आवाज गोड होता. त्या गोडपणानं माझ्या अंगाचा जास्त तिळपापड झाला. पण काम सोडता येत नव्हतं. माझी दहावीपासूनची मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात होती. कोर्सला पाठवताना दोन वर्षं इथंच राबेन असं लिहून घेतलं होतं. आणि घरी आई फोनवर एकच सांगायची, "काम सुटलं तर सरळ हिकडं ये. स्थळ बघून ठेवलंय." पुढं पडदा, मागं मांडव. मधे मी. 

काही महिन्यांनी तेच शेठ, तेच खरेदीदार, तसंच दुपारचं जेवण. मालकांनी परदेशी पांढऱ्या वाइनची बाटली स्वतः काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, वेळ नाही, थेट टेबलावर उघड. मी बूच काढलं. बुचाला ओल्या पोत्याचा वास होता.

मी ग्लास घेतला. टेबलाशीच, सगळ्यांसमोर. घोटभर ओतली आणि चाखली.

"आत जा," मालक दातओठ खात म्हणाले.

"बाटली बिघडलीया," मी म्हणाले. "मी ही वाढणार न्हाय."

"उष्टी करतेस आणि वर शहाणपणा?"

"उष्टी न्हाय. खराब हाय. चाखली म्हणून कळलं."

मालकांनी माझ्या हातातून बाटली ओढली आणि स्वतः ग्लास भरले. शेठनी घोट घेतला. क्षणभर तोंड आंबट झालं त्यांचं, मी पाहिलं. मग म्हणाले, "वा. छान आहे." खरेदीदारही प्यायले. बिघडलेली वाइन त्या सगळ्यांना चालली. माझ्या जिभेचा शब्द चालला नाही. एवढे दिवस मला वाटायचं, मीच कुठंतरी कमी पडते. त्या क्षणी कळलं, दोष माझ्यात कधी नव्हताच.

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. आणि कागदपत्रं विसर."

मी रुमाल टेबलावर ठेवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. कुणी अडवलं नाही, कुणी माझ्या बाजूनं बोललंही नाही. कागद अजून त्यांच्याकडेच आहेत. दोन हॉटेलांनी कागदाशिवाय नको म्हणून परत पाठवलं. आईचा फोन रोज येतो.

कागदांसाठी मी तक्रार केली आहे आणि ती मागं घेणार नाही. स्थळ बघायला जाणार नाही. जिथं काम मिळेल तिथं पहिल्याच दिवशी सांगणार आहे: मी पाहुण्यांसमोर चाखणार, काचेच्या ग्लासात, ताठ उभी राहून. चालत नसेल तर बाटली तुमची तुम्ही उघडा.