अळीचं चित्र

माझ्या मोठ्या जाऊबाई सौंसरच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी त्यांना ताई म्हणते. रिटायर झाल्यावर त्या पांढुर्ण्याला आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात कपड्यांपेक्षा रंगच जास्त होते. "नोकरीत जन्मभर मोर आणि कमळं काढली," त्या म्हणाल्या, "आता मले पाहिजे तेच काढीन." त्यांना पाहिजे होते किडे.

आमची संत्र्याची बाग आहे, तिगावच्या रस्त्याला. किडा दिसला की फवारणी, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे गच्चीवरच्या कुंडीतल्या लिंबाला अळ्या लागलेल्या दिसल्या तेव्हा मी सरळ चप्पल काढली.

"थांब, थांब! मारू नको तिले," ताई धावत आल्या. "मी तिचं चित्र काढून राहिली."

त्या दिवसापासून ताई गच्चीवरच. भिंग, कागद आणि चार केसांचा वाटावा इतका बारीक ब्रश. अळी लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, हे मला ताईंच्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. अंगावरची चकाकी दाखवायला त्या रंग लावतच नसत, तेवढा कागद कोरा सोडत.

एकदा आमचे हे बागेतून आले आणि चित्र पाहून थबकले. "वहिनी, ही तर आपल्या कलमा खाते! तुम्ही इचं चित्र काढून राहिल्या?"

"भाऊजी, इतकी वर्षं तुम्ही इच्यासंग भांडून राहिले. कधी इचं तोंड पाहिलं काय?"

त्यांनी हसत भिंग घेतलं. ताईंनी ब्रशच्या दांडीनं अळीला हलकेच डिवचलं. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं सर्रकन बाहेर आली, सोबत आंबट उग्र वास. हे एकदम मागे सरले, आणि पुन्हा वाकून पाहू लागले. त्या दिवशी त्यांचा चहा थंड झाला.

पुढे अळीनं काडीला स्वतःला बांधून घेतलं आणि कोष केला. ताईंनी तोही काढला. शेजारी फुलपाखरासाठी जागा मोकळी ठेवली.

एका सकाळी कोष उकलला. मी कुकर तसाच सोडून वर पळाले. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू काडीला लोंबकळत होतं. पाहता पाहता पंख पसरत गेले, काळ्यावर फिकट पिवळे ठिपके उमटले. ताई नुसत्या बसून होत्या.

"ताई, काढा ना! उडून जाईल."

"आधी पाहू दे मले."

ते उडून गेलं. मलाच रुखरुख लागली. ताईंनी मात्र संध्याकाळपर्यंत दोन्ही पंख कागदावर उतरवले. फक्त मागच्या पंखावरचा लाल ठिपका नेमका कुठे, यावर अडल्या. अंदाजानं काही त्या ठिपका देईनात.

दुसऱ्या दिवशी हे बागेतून परतले ते पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लावून. मोबाईल पुढे धरला. पाणी दिलेल्या ओल्या मातीवर बसणाऱ्या फुलपाखरांमागे ते दुपारभर फिरले होते. बहुतेक फोटो हललेले. एकात मात्र लाल ठिपका स्पष्ट होता.

"मजूर हसून राहिले होते मले," ते म्हणाले.

"हसू द्या," म्हणत ताईंनी ब्रश ओला केला.

ते चित्र आता आमच्या बैठकीत आहे. कलमांवर फवारणी अजून होते, शेती म्हटलं की करावीच लागते. पण संत्र्याचे व्यापारी येतात आणि विचारतात, "हे कोणत्या देशाचं फुलपाखरू हो?" तेव्हा सौदा बाजूला ठेवून हे उठतात आणि अळीपासून सगळं समजावून सांगतात. मी चहा घेऊन दारात उभी राहून ऐकते.

ताई सध्या कपाशीवरच्या लाल किड्याच्या मागे आहेत. तो लाल त्यांना अजून मनासारखा साधलेला नाही. तीन कागद फाडून झाले, आणि त्यांचा चेहरा असा खुललेला मी त्यांच्या नोकरीच्या काळात कधी पाहिला नव्हता.