काळजाचे तीन शब्द

धारच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांची लेक बाकूला डॉक्टरकी शिकते. तिथले पेशंट अझरबैजानीत बोलतात, म्हणून कामातून सवड मिळाली की हेही वहीत तिकडचे शब्द उतरवतात.

"काका," ते मला सांगतात, "युरॅक, गॅल्ब, क्योनुल. तिन्ही काळीजच! पण डॉक्टरकडे दुखतं ते युरॅक, कुणी टाकून बोललं की मोडतं ते क्योनुल."

काल मी हसलो. "भिया, या वयात कशाला ही मगजमारी?"

ते रागावले नाहीत. "लेक फोनवर अडली की शब्द पुरवतो. तुमच्या नातीला मराठीत येतो ना काळजाला दुसरा शब्द?"

"येतो की," मी ताठ मानेनं म्हणालो.

नात देवासला असते. तिच्याशी मी हिंदीतच बोलतो. दुसरा राहू द्या, पहिलाही मी तिला कधी दिला नाही.