गुलाबाईची खिरापत

साठ सालाच्या आसपास आमच्या धानोऱ्यात भादव्यात मुली अंगणात गुलाबाईची गाणी म्हणत. शेवटी झाकलेला डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची. ओळखल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

माझ्या धाकट्या भावाला वडिलांनी नंदुरबारहून पहिलवानांच्या गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. मला कधी साधी पाटीही हौसेने आणली नाही! भावाने ते पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "मी भाऊ नही, बहीण शे," म्हणायचा. मग आईने त्याला ही गाणी शिकवली.

त्या संध्याकाळी तो माझा परकर नेसून मुलींच्या ओळीत गात होता. वडील शेतातून आले, त्याला पाहिलं आणि बैल हाकायची पराणी उगारली. गाणं थांबलं.

आई मध्ये आली. तिने डबा त्यांच्या तोंडासमोर वाजवला. "पहिले खिरापत वळखा, मंग मारा."

"फुटाणा!" वडील ओरडले.

"नही."

"लाह्या!"

"नही. डबामा काय शे ते वळखता येत नही, आनि लेकरू काय शे ते वळखाले निंघनात!"

पराणी तशीच वर होती.

"शेंगदाणा?" वडिलांचा आवाज उतरला होता.

"नही," आई म्हणाली. "बठा खाले. ओळमा."