शाळेच्या ओट्यावर

माझी मुलगी चौथीत होती, आणि तिच्यामुळे मीही. सासूबाई अहिराणीत चिडवायच्या, "का वं, तूबी चौथीमा बठनी का?" मी हसण्यावारी न्यायचे. दुसरं काय करणार?

पोरीच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष होता, स्पायना बिफिडा म्हणतात त्याला. तान्ही असतानाच ऑपरेशन झालं. पायांत कॅलिपर घालून ती चालते, अभ्यासात तर भल्याभल्यांना ऐकत नाही. पण लघवी लागल्याचं तिला कळत नाही. दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून ती काढावी लागते, नाहीतर किडनी खराब होते. नाव घालतानाच हेडमास्तरांनी अट घातली होती, आईने दिवसभर इथेच बसायचं. चोपड्याजवळच्या आमच्या गावात शाळा एकच. रुसून जाणार कुठे? बसले.

हळूहळू मी सगळ्यांच्या हक्काची झाले. खिचडीचे तांदूळ निवडा, पहिलीच्या पोरांची नाकं पुसा, मॅडम मीटिंगला गेल्या की वर्ग सांभाळा. पूर्वी ज्यांच्याबरोबर मी शेतात निंदायला जायचे त्या बायका शाळेवरून जाताना हाक मारायच्या, "काय मास्तरीणबाई, आज काय शिकवलं?" अंगाची नुसती आग व्हायची. भाचीची हळद सोनगीरला लागली तेव्हाही मी ओट्यावरच होते. मधल्या सुट्टीत फोनवर फोटो बघितले आणि पोरीला बाथरूममध्ये घेऊन गेले. खुंट्याला बांधलेल्या गाईलासुद्धा कोणी सकाळी चरायला सोडतं.

थंडीत पोरीला ताप भरला तो उतरेचना. धुळ्याला नेलं. लघवीत जंतू झाले होते. डॉक्टरीणबाईंनी मला काही न विचारता तिलाच विचारलं, "पाणी किती पितेस गं?"

"शाळेत नाही पीत," पोर म्हणाली. "पाणी प्यायलं की आईला बसावं लागतं."

पाणी नाही तर नळी नाही, नळी नाही तर आई सुटली, असा हिशोब होता तिचा. मला राग आला, पण कोणावर काढू? तापाने तिचं तोंड सुकलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ही मोठी झाली, हिलाच नळी घालायला शिकवू. तिथल्या सिस्टरने साबणाने हात धुवायला लावले, समोर आरसा धरला. पहिल्यांदा पोर रडली. मी पुढे झाले तर सिस्टरने मला दटावलं, "तुम्ही मागे व्हा ताई." घरी येईपर्यंत पोरीचा हात बसला होता.

शाळेत परत गेलो त्या दिवशी ती एकटी बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. मी बाहेर दाराशी उभी. बाहेर आली ती ओले हात फ्रॉकला पुसत थेट वर्गात. मी हेडमास्तरांना सांगितलं, सर, आता ती स्वतः करते.

"छानच झालं," ते म्हणाले. "पण तुम्ही बसा हो. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

मी ओट्यावर येऊन बसले. मधल्या सुट्टीत पोर आली, मला बघून थांबली. "मी शिकले ना? मग तू का बसलीस?" मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने तोंड फिरवलं.

मग मात्र मी उठले. हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, मी चालले. काही झालं तर फोन करा, पण मी इथे बसले तर माझी पोर पाणी पीत नाही." ते काही बोलायच्या आत मी बाहेर पडले.

घरी निघाले. वाटेत निंदणीवरच्या बायका म्हणाल्या, चल की आमच्याबरोबर. जावंसं फार वाटलं. पण घरी येऊन मी फोन मांडीवर घेतला आणि दारात बसले. फोन काही वाजला नाही, आणि शाळा सुटेपर्यंत मला दारातून हलता आलं नाही.