मागच्या खोलीतले गायक

किहीमला आमच्या वाडीत मागे एक खोली आहे. ती आम्ही पर्यटकांना देतो. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर तिथे मुंबईचे एक सत्तरी ओलांडलेले ख्रिश्चन गृहस्थ तीन महिन्यांसाठी राहायला आले. रजिस्टरमधलं नाव वाचून मी चमकले. माझ्या वडिलांकडे याच नावाच्या गायकाची कॅसेट होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेलं आर्त सोल संगीत गाणारा इतका गाजलेला माणूस आपल्याकडे दुसरा नव्हता, असं वडील सांगायचे.

पण हे गृहस्थ गात नव्हते. गुणगुणतही नव्हते. कुठे रेडिओ लागला की उठून समुद्रावर जात. मासे घेऊन येणारी मावशी एकदा हळूच म्हणाली, "गानारा हाय म्हनतेस, पन आवाज त न्हाय ऐकला कदी. आधार कार्ड नीट बगितलंस ना?"

बघितलं होतं. तरी पुन्हा काढून बघितलं. मग शाळेत शिकवून आल्यावर चहा देताना मी आडून आडून विचारू लागले. पहिलं हॉटेल कुठलं, बँडमध्ये किती जण होते. उत्तरं यायची, पण पाठ केल्यासारखी पटापट.

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या पडवीत टेप नेऊन वडिलांचं सगळ्यात आवडतं गाणं लावलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. ते खुर्चीत बसले आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"टीचर, तुम्हाला शक आहे ना माझ्यावर?"

मी टेप बंद केला.

"बरोबर आहे तुमचं. हा आवाज माझा नाही. माझ्या धाकट्या भावाचा आहे."

रेकॉर्डिंगच्या वेळी यांचा घसा बसला होता. दोघांचा आवाज सारखा, म्हणून राहिलेलं एक गाणं भाऊ गाऊन गेला. नेमकं तेच गाजलं. भाऊ गोदीत क्लार्क होता, जन्मभर कुणाला काही बोलला नाही. तो वारला आणि यांनी गाणं सोडलं.

"बाकीची सगळी माझीच आहेत," ते म्हणाले. त्यावरही माझा लगेच विश्वास बसला नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईहून एक पत्रकार त्यांची मुलाखत घ्यायला आला. मी मुद्दाम दारात रेंगाळले. त्यांनी भावाचं नाव दोनदा सांगितलं, स्पेलिंगसकट. छापलेल्या मुलाखतीत मात्र भाऊ कुठेच नव्हता. यांनीच मागून फोन करून काढायला लावलं असेल, असं मला वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. "विचारा त्यालाच."

"जागा नव्हती, मॅडम," पत्रकार म्हणाला. "आणि लोकांना तो भाऊ कशाला हवाय?"

मी फोन परत दिला. माफी मागायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "अंकल, आज ताट खोलीत नाही पाठवत. आमच्यात जेवायला या."