खडकामागची बिबट्याची मादी

आमच्या डोंगरावरचा वणवा मी एकट्याने विझवला, हे घोटीच्या बाजारात मी निदान वीस वेळा सांगितलं असेल. एका हातात ऐनाची हिरवी फांदी, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि समोर ताडाएवढ्या ज्वाळा. दर खेपेला ताड वाढत गेला, कप मात्र तेवढाच राहिला. लोक हसायचे, वर चहा पाजायचे. बायको म्हणते, यांच्या भाताच्या लोंबीलासुद्धा शिंगं फुटतात. पण आज लिहितोय ती हकीकत मी बाजारात कधीच काढली नाही.

डोंगर आमच्या गावाच्या उशाशी आहे. त्याच्या पोटातून एक झिरा निघतो आणि त्याच्यावर खालचं गाव नि वरचा पाडा, दोन्ही पाणी पितात. पूर्वी डोंगर दर उन्हाळ्यात जळायचा आणि झिरा होळीलाच आटायचा. मग गावाने रान राखायचं ठरवलं. माघ लागला की डोंगराच्या कमरेभोवती जाळरेषा काढायची. दहा पावलं रुंद पट्ट्यातलं गवत कापायचं, पाचोळा झाडून काढायचा, म्हणजे खालून आलेल्या आगीला पुढे खायला काही उरत नाही. घरटी एक तुकडा वाटून दिलेला. तीन-चार वर्षांत झिरा वैशाखापर्यंत टिकायला लागला.

माझ्या वाट्याला आमच्या भाताच्या खाचराच्या अगदी वरचा मोठा खडक आणि त्याच्या मागचा तुकडा आला. खडकाच्या पुढचं, गावातून दिसणारं गवत मी झकास कापलं. मागे गेलो तर छातीइतकं गवत आणि खडकाची गार सावली. टेकलो जरा. उठलो तेव्हा ऊन कललं होतं आणि विळा कुठे ठेवला ते आठवेना. तसाच खाली आलो.

पारावर रान समितीचे गुरुजी भेटले. शाळेतून निवृत्त झालेले, पण हजेरी घ्यायची सवय सुटली नव्हती.

"झाला का तुकडा?"

"झाला, गुरुजी. पण पाहणीला मागं जाऊ नका. बिबट्याची मादी व्यायलीय तिथं. तीन पिल्लं. माझ्या हातातला विळा घेऊन गेली!"

आयुष्यभर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि त्या दिवशी ठेवला. आमच्याकडे बिबट्या काय, कुणाच्याही उसात असतो. गुरुजींनी वहीत माझ्या तुकड्यापुढे बरोबरची खूण केली आणि मागे कुणी फिरकायचं नाही असं गावाला बजावलं.

चैत्रात मी राब भाजला. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यात शेण, पालापाचोळा पसरून तो पेटवतात. हे काम पहाटे, वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून करायचं असतं. मी भर दुपारी केलं, कारण सकाळी घोटीत कुणाला तरी जुना वणवा विझवल्याची गोष्ट सांगत बसलो होतो. वारा सुटला. एक जळतं पान उडालं आणि खडकावरून पलीकडे गेलं. कापलेल्या जमिनीवर पडतं तर तिथेच मेलं असतं.

आरडाओरडा ऐकून गाव धावलं. पण आमच्याआधी वरून एक बाई आली होती, पाड्यावरची मावशी. साठीच्या पुढची, एकटी राहणारी, मोहाची फुलं वेचून वर्ष काढणारी. अनवाणी पायांनी ती फांदी झोडपत होती. तिने एक बाजू अडवली म्हणून माझ्या पेंढ्याची उडवी वाचली. झिऱ्यावरचं रान मात्र गेलं आणि तिच्या तळव्यांना हे मोठे फोड आले. इथे मी काही वाढवत नाही.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. "रेषा सगळी कापलेली. म्हणजे आग आतून लागली," गुरुजी म्हणाले. आत मोहाची झाडं होती. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि मावशीला तसं करताना पूर्वी सगळ्यांनी पाहिलं होतं.

"औंदा नाय जाळला, गुरुजी. झाडूनच घेतला," ती म्हणाली.

"तुझा राब?" गुरुजींनी मला विचारलं.

"विझला व्हता," मी म्हणालो आणि मोहाच्या दिशेने नुसतं बघितलं. ते एकच खोटं मी न बोलता बोललो.

मावशीने यापुढे रानात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. फुलं पडायचा मोसम ऐन भरात होता.

आठ दिवस मी बाजारात गेलो नाही. घरात भाकरी वाढताना बायको म्हणाली, "अवं, बिबटीनं विळा नेला, ती परत कधी आणून देनार हाय?" तिला सगळं कळलं होतं.  

सकाळी मी पारावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. लोक खो खो हसले.

"आता बिबट्याच नव्हता म्हणतो!"

"पिल्लं मोठी होऊन मुंबईला गेली काय रं?"

गुरुजीसुद्धा मिशीत हसले. मावशी कडेला बसली होती, पायांना चिंध्या बांधून. ती हसली नाही.

मी म्हणालो, "चला वर." काठ्या घेऊन, एकमेकांना पुढे ढकलत लोक आले. खडकाच्या दोन्ही बाजूंना जाळरेषा पिवळी, खुंटांची, न जळलेली. मधेच माझा तुकडा काळा ठिक्कर. आगीने तिथूनच रेषा ओलांडली होती, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. राखेत माझा विळा पडला होता. मूठ जळून गेलेली, नुसतं पातं. कुणी हसलं नाही. गुरुजींनी वही उघडली आणि माझ्यापुढची खूण इतक्या जोरात खोडली की कागद फाटला.

मावशीवरची बंदी त्याच दिवशी उठली. पण मोहाखाली वणव्याची राख होती, आणि राखेत पडलेली फुलं काळी होऊन चिकटली होती. मी तिच्याबरोबर चार दिवस झाडाखाली वाकून वेचायला गेलो. दोघांची मिळून एक पाटीसुद्धा भरली नाही. झिराही त्या वर्षी चैत्र संपायच्या आतच आटला.

चौथ्या दिवशी मी पाय धरायला वाकलो. "मावशी, चुकलं माझं. माफ कर."

तिने पाय मागे घेतले. कमरेला हात लावून माझ्याकडे बघितलं.

"भाऊ," ती म्हणाली, "हे तरी खरं हाय का?"

  ती पाटी उचलून वर निघाली. पाय अजून टाचेवर टाकत होती.